एल्कच्या शिकारीचा वाढता खर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोलोरॅडोत राहतो. स्वतः शिकार करत नाही, पण सप्टेंबर उजाडला की ऑफिसातली बरीच मंडळी रजेवर असतात आणि पुढे वर्षभर त्यांच्या डब्यात एल्कचं, म्हणजे आपल्या सांबरासारख्या मोठ्या रानटी हरणाचं, मांस असतं. आपल्या लोकांत हा विषय निघाला की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. ती मुख्यतः वायोमिंग, माँटाना, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको आणि युटा या राज्यांची आहेत. टेक्सासचं गणित वेगळं आहे, ते पुढे येईल. शिकार करावी की करू नये, हा वाद इथे घेतलेला नाही.

एल्क नेमका कोणाचा? ज्याच्या रानात चरतो त्याचा का?

नाही. अमेरिकेत रानटी प्राणी राज्यातल्या जनतेचा मानतात आणि राज्य सरकार त्याचं विश्वस्त असतं. एखाद्या रँचवर, म्हणजे गुरं पाळण्याच्या मोठ्या खासगी रानात, दोनशे एल्क बारा महिने चरत असले तरी मालकाला त्यातला एकही परवान्याशिवाय मारता येत नाही. शिकाऱ्याला राज्याचा परवाना लागतो आणि त्या जातीच्या एका जनावरासाठी टॅग लागतो. जनावर पडलं की टॅग त्याला लावायचा, मोसम संपला.

हे कायदे ठेच लागल्यावर आले. एकोणिसाव्या शतकात बाजारात मांस आणि कातडी विकणाऱ्या शिकाऱ्यांनी बायसन जवळजवळ संपवले आणि एल्क लाखाच्याही खाली आणले. मग राज्यांनी शिकारीवर मर्यादा घातल्या, १९०० साली लेसी कायदा आला आणि रानटी मांसाचा बाजार बंद पडला. आज उत्तर अमेरिकेत एल्क दहा लाखांच्या आसपास आहेत. मांस विकायला आजही बंदी आहे. मारलेलं स्वतः खा, वाटा, दान करा, पण विकलंत तर गुन्हा.

मालकाला प्राणी विकता येत नाही, पण स्वतःच्या जमिनीवर पाऊल ठेवू देण्याचे पैसे तो घेऊ शकतो. खालचं जवळपास सगळं प्रकरण या फटीतून आलेलं आहे.

खर्च किती येतो, आकडा सांगा.

तुम्ही त्या राज्याचे रहिवासी आहात का, यावर सगळं अवलंबून आहे. वायोमिंगच्या रहिवाशाला एल्कचा परवाना ५७ डॉलरला मिळतो, बाहेरच्याला ६९२ ला. कोलोरॅडोत रहिवाशाला सत्तरच्या आसपास, बाहेरच्याला आठशेच्या आसपास. माँटानात बाहेरच्यांचा एल्क आणि हरणाचा एकत्रित परवाना हजाराच्या पुढे गेलाय. ही झाली नुसती सरकारी फी.

त्यापुढे दोन वाटा. सरकारी जमिनीवर स्वतःच्या हिमतीवर गेलात तर पेट्रोल, तंबू, खाणं आणि पायपीट. आउटफिटर घेतलात, म्हणजे वाटाड्या, घोडे, तळ आणि स्वयंपाक पुरवणारा व्यावसायिक, आणि त्याच्याकडे खासगी रँच भाड्याने असली, तर पाच-सात दिवसांचे आठ ते पंधरा हजार डॉलर सहज होतात. नावाजलेल्या रँचवर त्याहून जास्त. वर बक्षिशी, आणि जनावर मिळालंच तर खाटकाचं बिल. शिंगांसकट डोकं भिंतीवर लावायचं असेल तर ते आणखी वेगळं.

अलास्कात मामला याहून चढा. तिथे तपकिरी अस्वल, डॉल मेंढा (पांढरा रानमेंढा) आणि पहाडी बकरा यांच्यासाठी बाहेरच्या राज्यातल्या माणसाला परवानाधारक गाइड किंवा जवळचा नातलग सोबत लागतोच. गाइड मोजके, मागणी अफाट, त्यामुळे एका डॉल मेंढ्याच्या सहलीला पंचवीस हजार डॉलर आणि वर मोजणारे लोक आहेत.

पूर्वी म्हणे कुणाच्याही रँचवर विचारून जाता यायचं. खरं की आठवणीतलं?

बऱ्यापैकी खरं. पन्नाशी-साठी उलटलेल्या कुठल्याही स्थानिकाला विचारा. ऑगस्टमध्ये जाऊन दार ठोठवायचं, टोपी काढून बोलायचं. मालक म्हणायचा, जा, फक्त फाटक लावून घे. बदल्यात कुणी कुंपणाचे खांब रोवून द्यायचं, कुणी गवत भरायला एक शनिवार द्यायचं, कुणी ख्रिसमसला व्हिस्कीची बाटली नेऊन द्यायचं. हिशेब कुणी ठेवत नव्हतं, पण तो असायचा.

हे मोडलं ते एका रात्रीत मोडलेलं नाही. रँचरची पुढची पिढी शहरात गेली, वारसांमध्ये जमीन वाटली गेली आणि विक्रीला आली. गुरांच्या धंद्यावर त्या भावाला जमीन घेणं कुणाला परवडेना. घेतली ती बाहेरच्या श्रीमंतांनी: तेल, तंत्रज्ञान, औषधं, शेअर बाजार यांतून आलेला पैसा. त्यांना गुरांपेक्षा डोंगर, नदी आणि एल्क हवे असतात. शेजाऱ्याच्या मदतीची त्यांना गरज नाही, कारण पगारी व्यवस्थापक आहे. मग दार ठोठवायचं कुणाचं? मालक वर्षातून तीन आठवडे येतो.

उरलेल्या जुन्या रँचरकडे आउटफिटर आला आणि म्हणाला, सगळा मोसम माझ्या नावे कर, इतके हजार आगाऊ देतो. ज्याच्या डोक्यावर बँकेचं कर्ज आहे तो याला नाही कसा म्हणेल? एकदा लीज झाली की पंधरा-वीस ओळखीच्या लोकांची ये-जा बंद होते आणि जागा येते सहा-आठ गिऱ्हाइकांना.

मोबाइलनेही हातभार लावला. २००९ साली माँटानातल्या मिसूलामध्ये सुरू झालेल्या ऑनएक्स या कंपनीच्या नकाशावर कुठली जमीन कुणाची, हे रंगांत आणि नावासकट दिसतं. सरकारी जमिनीचे आडबाजूचे तुकडे जे आधी गावातल्या चार जणांना माहीत होते, ते आता ओहायोतल्या माणसाच्याही खिशात आहेत. त्याचा फायदाही झाला, तो पुढे शिडीच्या खटल्यात दिसेल.

रँचमालकच लुटारू आहेत, असं समजायचं का?

असं म्हणणाऱ्यांनी एकदा जानेवारीत माँटानातल्या गवताच्या गंजीपाशी जाऊन यावं. पहाटे शे-दीडशे एल्क तिथे उभे असतात, गुरांसाठी उन्हाळाभर कापून ठेवलेल्या गवतावर ताव मारत. कुंपणाच्या तारा तुटलेल्या, खांब वाकलेले. जनावरं जनतेची आणि चारा यांचा. सरकारी भरपाई काही राज्यांत काही प्रमाणात मिळते, पण सगळं नुकसान कागदावर येत नाही.

शिवाय जबाबदारीची भीती आहे. बऱ्याच राज्यांत कायदा असा आहे की मालकाने लोकांना फुकट येऊ दिलं तर अपघाताच्या दाव्यातून त्याला संरक्षण मिळतं. पैसे घेतले की ते संरक्षण पातळ होतं, मग विमा काढा आणि करारावर सह्या घ्या. म्हणजे थोडेसेच पैसे घेण्यात काही राम उरत नाही. घ्यायचेच तर विम्याचा आणि वकिलाचा खर्च निघेल इतके घ्या, नाहीतर घेऊच नका. मधली, परवडणारी पायरी त्यामुळेच नाहीशी झाली, असं मला वाटतं. याकडे फारसं कुणी बोट दाखवत नाही.

एल्क हे जनावरही हुशार. मोसमाची पहिली गोळी सुटली की कळप सरकारी डोंगर सोडून जिथे गोळीबार नाही अशा खासगी रानात उतरतात आणि मोसम संपेपर्यंत तिथेच बसतात. मग सरकारी आकडेवारीत त्या भागात एल्क जास्त झालेले दिसतात, आणि शेजारच्या सरकारी जमिनीवर आठवडाभर भटकलेल्या माणसाला एक शेपूटही दिसत नाही.

सरकारी जमीन अफाट आहे ना? मग खासगी रानाचा हट्ट कशाला?

अफाट आहे. केंद्राकडे देशभरात ६४ कोटी एकरांच्या आसपास जमीन आहे आणि तिचा मोठा भाग पश्चिमेत आहे. पण जमीन असणं वेगळं आणि तिथे पोचणं वेगळं.

१८६२ मध्ये पॅसिफिक रेल्वेचा कायदा झाला तेव्हा रेल्वे कंपन्यांना पैशाऐवजी जमीन दिली गेली. रुळाच्या दोन्ही बाजूंना एकेक मैलाचे चौकोन पाडले आणि एकाआड एक चौकोन रेल्वेला दिला. मधले सरकारकडे राहिले. रेल्वेने आपले चौकोन पुढे विकले. आज दक्षिण वायोमिंगचा नकाशा उघडला तर बुद्धिबळाचा पट दिसतो: ६४० एकर खासगी, ६४० एकर सरकारी, पुन्हा खासगी. सरकारी चौकोन एकमेकांना फक्त कोपऱ्यावर टेकतात. पश्चिमेतल्या अकरा राज्यांत केवळ या कोपऱ्यांमुळे अडकलेली जमीन ८३ लाख एकर असल्याचं ऑनएक्सने मोजलं होतं. आजूबाजूचा मालक त्या जमिनीचा कर भरत नाही, ती त्याच्या नावावरही नाही. पण पुढच्या खटल्यापर्यंत व्यवहारात ती त्याचीच होती, कारण तिथे दुसरं कुणी पोचू शकत नव्हतं. रँच विकताना दलाल हे गुण म्हणून सांगत.

शिडीवरून गेलेल्या शिकाऱ्यांचा खटला काय होता?

वायोमिंगच्या कार्बन काउंटीत एल्क माउंटन नावाचा डोंगर आहे. त्याच्या भोवती सुमारे २२ हजार एकरांची रँच आहे. मालक नॉर्थ कॅरोलिनातला औषध उद्योजक, मालकी आयर्न बार होल्डिंग्ज या कंपनीच्या नावे. त्या पटाच्या आत हजारो एकर सरकारी जमीन अडकलेली.

मिझुरीहून आलेल्या शिकाऱ्यांनी नकाशावर कोपरे शोधले. एका कोपऱ्यावर मालकाने दोन लोखंडी खांब ठोकून मध्ये साखळी आणि प्रवेशबंदीची पाटी लावली होती. साखळीच्या पलीकडे काय? रिकामा माळ. ना घर, ना कुंपण. २०२० साली हे लोक खांबाला धरून वळसा घालून पलीकडे गेले. २०२१ मध्ये येताना त्यांनी घडीची लोखंडी शिडी बनवून आणली. एका सरकारी चौकोनात एक पाय, दुसऱ्या सरकारी चौकोनात दुसरा, खांबांवरून वर चढायचं आणि पलीकडे उतरायचं. खासगी मातीला बुटाचा तळवाही लागला नाही. फक्त खांदा आणि पाठीवरची पिशवी क्षणभर मालकाच्या हवेतून गेली.

त्या हवेवरून खटला झाला. आधी फौजदारी गुन्हा, त्यात २०२२ च्या वसंतात ज्युरीने चौघांना निर्दोष सोडलं. मग मालकाचा दिवाणी दावा: असे लोक येऊ लागले तर माझ्या रँचची किंमत घसरेल, म्हणून सत्तर लाख डॉलरहून अधिक नुकसान. हा आकडा नीट वाचा. माझ्या मते सगळ्या खटल्याचा अर्क त्यात आहे. ज्या जमिनीवर आपली मालकी नाही तिथला एकट्याचा प्रवेश या किमतीत आधीच धरलेला होता.

मे २०२३ मध्ये केंद्रीय जिल्हा न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे काही राज्यांचा मिळून केंद्रीय अपील विभाग) न्यायालयाने तो कायम केला. आधार होता १८८५ चा कायदा. त्या काळी गुरांचे बडे मालक सरकारी कुरणांना तारा घालून छोट्यांना बाहेर ठेवत, ते थांबवण्यासाठी तो केलेला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकाचं अपील ऐकायला नकार दिला. त्यामुळे हा निकाल दहाव्या सर्किटच्या सहा राज्यांत लागू आहे: वायोमिंग, कोलोरॅडो, युटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस आणि ओक्लाहोमा. माँटाना आणि आयडाहो दुसऱ्या सर्किटमध्ये येतात. तिथे अजून शिडी काढू नका.

पॉइंटची भानगड काय आहे?

टॅग मोजके, अर्ज फार, म्हणून सोडत. सोडतीत नाव लागलं नाही की एक पॉइंट मिळतो आणि पुढच्या वर्षी तुम्ही रांगेत थोडे पुढे सरकता. म्हाडाच्या सोडतीत दरवर्षी अर्ज भरणाऱ्याला जुन्या नापासीचे गुण मिळाले असते तर जसं झालं असतं, तसं.

ऐकायला न्याय्य वाटतं. पण पॉइंट साठवणारे दरवर्षी वाढतात आणि टॅग तेवढेच राहतात. यंदा अठरा पॉइंटला मिळालेला टॅग पुढच्या वर्षी एकोणीसला मिळेल, नंतर वीसला. तुम्ही एक पाऊल टाकता, रांगेचं डोकंही एक पाऊल पुढे जातं. वायव्य कोलोरॅडोतल्या काही नामांकित भागांत वीसहून जास्त वर्षं वाट पाहिलेले लोक आहेत. चाळिशीत आज पहिला पॉइंट घेणाऱ्याने त्या भागाचं स्वप्न सोडून द्यावं.

आणि पॉइंटही फुकट नसतो. वायोमिंग बाहेरच्यांकडून एल्कच्या नुसत्या पॉइंटचे वर्षाला ५२ डॉलर घेतं, रानमेंढ्याच्या आणि मूसच्या (एल्कहूनही मोठं हरण) पॉइंटचे प्रत्येकी १५०. रांगेत उभं राहण्याचं हे भाडं. परवाना मिळो न मिळो, राज्याच्या वन्यजीव खात्याची कमाई चालू.

जास्त पैसे भरून रांग चुकवता येते का?

येते, आणि राजरोस.

वायोमिंगमध्ये बाहेरच्यांच्या कोट्याचे दोन भाग आहेत: साठ टक्के साध्या दराचा, चाळीस टक्के ‘स्पेशल’. टॅग तोच, मोसम तोच, डोंगर तोच. स्पेशलमध्ये फक्त गर्दी कमी. एल्कचा स्पेशल परवाना साडेबाराशे डॉलरच्या आसपास होता, तो २०२४ पासून १,९५० झाला. हरण आणि प्राँगहॉर्न (काळविटासारखा दिसणारा माळावरचा प्राणी) यांचे स्पेशल परवाने १,२०० वर गेले. याच राज्यात केंद्राने वाइल्डरनेस म्हणून राखलेल्या भागात बाहेरच्याला गाइडशिवाय किंवा स्थानिक सोबत्याशिवाय मोठ्या प्राण्यांची शिकार करता येत नाही. तिथे पायी फिरा, मासे धरा, काही हरकत नाही. फक्त एल्क मारायचा असला की तुम्ही वाट चुकाल अशी काळजी! आउटफिटरांच्या संघटनेचं वजन याहून स्पष्ट कुठे दिसणार नाही.

न्यू मेक्सिकोत सोडतीतले ८४ टक्के टॅग रहिवाशांना, ६ टक्के बाहेरच्यांना आणि १० टक्के ज्यांनी आउटफिटरशी करार केलाय त्यांना. शिवाय एल्कचं अधिवास राखणाऱ्या जमीनमालकांना राज्य टॅग घेण्याची अधिकारपत्रं देतं आणि ती खुल्या बाजारात विकता येतात. चांगल्या भागातलं एक पत्र हजारो डॉलरना जातं. युटामध्ये मोठ्या रँचांसाठी अशीच योजना आहे: मालकाला व्हाउचर, आणि थोडे टॅग सोडतीत जनतेला.

सगळ्यात वर लिलाव. २०१३ मध्ये माँटानाच्या एका रानमेंढ्याच्या टॅगला ४ लाख ८० हजार डॉलर आले होते.

पण तो पैसा संवर्धनालाच जातो ना?

जातो, आणि हे कबूल केलंच पाहिजे. राज्यांची वन्यजीव खाती मुख्यतः परवान्यांच्या फीवर आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याच्या निधीवर चालतात. रायफली, शॉटगन आणि काडतुसांवर ११ टक्के, पिस्तुलांवर १० टक्के केंद्रीय कर बसतो आणि तो राज्याचं क्षेत्रफळ आणि परवानाधारकांची संख्या पाहून वाटला जातो. रानमेंढे पुन्हा डोंगरांवर आणून सोडण्याच्या कामात लिलावाच्या पैशाचा वाटा मोठा आहे.

मला खटकतं ते वेगळंच. एखादा टॅग लाखोंना विकून शंभर मेंढे वाढत असतील तर बेलाशक विका. पण वरचा स्पेशल परवाना लिलावातला एखादा टॅग नव्हे. तिथे कोट्याचा चाळीस टक्के भाग पैशाने छोट्या रांगेत जातो. बाहेरच्यांना त्या राज्यात मत नाही, म्हणून विधिमंडळाला फी वाढवायची झाली की तीच पहिली वाढते. खात्याची परवान्यांची बहुतांश कमाई बाहेरच्यांकडून आणि बहुतांश टॅग रहिवाशांना, अशी ही रचना आहे. फीची मला तक्रार नाही. रांग विकायला काढली याची आहे.

टेक्सासचं काय वेगळं?

तिथे ९५ टक्क्यांहून जास्त जमीन खासगी, त्यामुळे पैसे मोजल्याशिवाय फाटक उघडत नाही, हे तिथल्या लोकांनी कधीच स्वीकारलंय. हरणासाठी मोसमाची किंवा वर्षाची लीज घेतात, भाव एकरावर: दहा-वीस डॉलर सर्वसाधारण, चांगल्या रानात बरेच जास्त. चार-पाच मित्र मिळून एक रान धरतात.

मराठी वाचकाला चकित करेल ती गोष्ट पुढची. टेक्सासच्या हिल कंट्रीत आपले काळवीट हजारोंनी आहेत. १९३० च्या दशकात तिथे आणून सोडलेले. चितळही आहेत. दक्षिणेत किंग रँचवर त्याच सुमारास आणलेल्या नीलगाई, म्हणजे आपल्या विदर्भातल्या रोही, आज गाइडसह शिकारीला विकल्या जातात. हे परदेशी प्राणी असल्याने त्यांना जनतेची मालमत्ता हा नियम लागू नाही. ते मालकाचे. मोसम नाही, टॅग नाही, मर्यादा नाही, फक्त साधा शिकार परवाना आणि मालकाचं बिल. कर्जत तालुक्यात रेहेकुरीला ज्याच्यासाठी अभयारण्य आहे, तो काळवीट तिथे दरपत्रकात दोन-चार हजार डॉलरला छापलेला असतो.

भारतात असा धंदा कधी होता का?

होता, आणि त्याचं एक मोठं केंद्र नागपूर होतं. स्वातंत्र्यानंतरची दोन दशकं शिकार कंपन्या परदेशी पाहुण्यांना मध्य भारताच्या जंगलांत वाघ, गवा, सांबर यांच्या शिकारीला नेत. नागपूरची ॲल्विन कूपर ही त्यांतली नामांकित कंपनी विद्याचरण शुक्ल यांनी काढलेली होती, तेच पुढे केंद्रात मंत्री झालेले. जंगलाचे ब्लॉक ठराविक मुदतीसाठी मिळत, तंबू, हाकारे आणि मचाण कंपनीचं. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि धंदा संपला. आज रोही आणि रानडुक्कर पिकात घुसतात तेव्हा वन विभाग अटींवर मारायची परवानगी देतो, पण ती विकता येत नाही.

युरोप-आफ्रिकेत?

जर्मनीत शिकारीचा हक्क जमिनीला चिकटलेला आहे. सलग ७५ हेक्टर असतील तर स्वतःचं शिकारक्षेत्र, नाहीतर गावकरी मिळून आपलं रान भाडेपट्ट्याने देतात. मांस मात्र तिथे कायदेशीर विकलं जातं. नामिबियात १९९६ च्या कायद्याने गावांच्या वन्यजीव संस्थांना शिकारीचं उत्पन्न मिळू लागलं. याच देशाच्या एका काळ्या गेंड्याच्या परवान्याचा जानेवारी २०१४ मध्ये डॅलस इथे साडेतीन लाख डॉलरना लिलाव झाला आणि जगभर गदारोळ उडाला होता.

अमेरिकेत यावर काही उपाय चालू आहेत का?

सगळ्यात कामाचा मला माँटानाचा ब्लॉक मॅनेजमेंट वाटतो. १९८५ पासून चालू आहे. रँचमालक आपलं रान शिकाऱ्यांना खुलं करतो, शिकारी एक पैसा देत नाही, आणि किती जण आले त्या हिशेबाने राज्य मालकाला मोबदला देतं. सत्तर लाख एकरांच्या आसपास जमीन अशी खुली आहे. मातीच्या रस्त्याने जाताना फाटकाजवळ खांबावर एक पेटी दिसते. झाकण उचललं की आत छापील चिठ्ठ्या आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. नाव आणि परवान्याचा नंबर लिहायचा, अर्धी चिठ्ठी पेटीत टाकायची, अर्धी खिशात ठेवायची. ना दलाल, ना फोन. पुढच्या वळणावर कुंपणाचे खांब नारिंगी रंगवलेले असतात: तिथे प्रवेशबंदी सुरू.

मतदारांनीही हात घातलेला आहे. माँटानात २००० साली कुंपणात पाळलेले प्राणी पैसे घेऊन मारू देण्यावर सार्वमताने बंदी आली. २०१० मध्ये आउटफिटरांच्या गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलेले ५,५०० परवाने मतदारांनी रद्द केले आणि ते सोडतीत घातले. २०२० पासून जमिनी आणि वाटा विकत घेण्यासाठी केंद्राच्या निधीला दरवर्षी ९० कोटी डॉलर कायमचे ठरवून दिलेत. २०२५ च्या जूनमध्ये युटाचे सिनेटर माइक ली यांनी केंद्राची लाखो एकर जमीन विकण्याचं कलम अर्थसंकल्पी विधेयकात घातलं, तेव्हा एरवी डावे-उजवे म्हणून भांडणारे शिकारी, मासेमार आणि ट्रेकर एकत्र तुटून पडले. महिना संपायच्या आत कलम मागे घ्यावं लागलं.

मी एच-१बी वर आहे. मला शिकार करता येते का?

केंद्रीय कायद्याने तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगता येत नाही, पण वैध शिकार परवाना असेल तर अपवाद आहे. म्हणजे आधी परवाना, मग बंदूक. परवान्याची मुदत संपू देऊ नका, नाहीतर कपाटातली बंदूक गुन्हा ठरेल आणि तो व्हिसावर उठेल. वकिलाला विचारून घ्या, इथे पैसे वाचवू नका. धनुष्यबाणाला हा नियम लागत नाही, बरेच जण तिथून सुरुवात करतात. अलास्कात दुसऱ्या राज्यातून गेलेल्या परदेशी नागरिकाला कुठल्याही मोठ्या प्राण्यासाठी गाइड सक्तीचा आहे.

कोलोरॅडोत सलग सहा महिने राहिलात की रहिवासी दर मिळतो. १९४९ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकार सुरक्षेचा कोर्स करावा लागतो. सोडतीचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात. पूर्वी बाहेरचे लोक तिथे एल्कचा धनुष्याचा टॅग दुकानातून थेट घेत, ते २०२५ पासून बंद झालं. आता त्यांनाही सोडत.

शिंगं नकोत, फक्त मांस हवं. स्वस्तात काही?

मादी एल्कचा टॅग मागा. सोडतीत तो लवकर लागतो, आणि गवताच्या गंजी वाचवायला टेकीला आलेले रँचर मोसमाच्या शेवटी माद्यांसाठी काहीशे डॉलरमध्ये, कधी फुकटही, आत सोडतात. ऑगस्टमध्ये जाऊन विचारा, डिसेंबरमध्ये फोन करू नका. फ्रीझर मात्र आधी घ्या.

मित्राने मांस दिलं तर एवढं करा: त्याच्याकडून एक सही केलेली चिठ्ठी घ्या. त्याचं नाव, परवान्याचा नंबर, जनावर आणि तारीख. ती पिशवीसोबत फ्रीझरमध्येच ठेवा. वन्यजीव अधिकाऱ्याने विचारलं तर तीच दाखवायची असते.